उरलेली ४४ योजने

अण्णांच्या पिंडाला कावळा शिवायला पाऊण तास लागला. तो पाऊण तास मी एव्हाना विसरत चाललो आहे. त्याच्या शेवटची नऊ सेकंदे मात्र गेले तीन महिने डोक्यातून जात नाहीत.

मार्गशीर्षातली सकाळ होती. पंचगंगेवर धुके इतके दाट होते की पात्रातल्या लहान देवळांचे नुसते आकार दिसत होते आणि धुण्याच्या दगडावर कुणीतरी कपडे आपटत असल्याचा आवाज तेवढा येत होता. अंगावर ओला पंचा, नुकत्याच केलेल्या डोक्याला झोंबणारा वारा आणि बोटांना चिकटलेला भात व काळे तीळ. भटजींनी पिंडाची पत्रावळ मोकळ्या पायरीवर ठेवायला सांगितली आणि आम्ही चौदा-पंधरा माणसे चार पावले मागे सरून उभे राहिलो. कावळ्यांना तोटा नव्हता. पिंपळावर दहा-बारा तरी बसलेले होते, पण खाली एकही उतरेना. मग अशा वेळी सगळीकडे जे होते ते सुरू झाले. एकेकाने पुढे व्हायचे, गेलेल्याच्या मनात काय राहिले असेल याचा अंदाज बांधायचा आणि झाडाकडे पाहून शब्द द्यायचा. धाकट्या काकांनी घराची वाटणी करणार नाही असे सांगितले. बहिणीने आईच्या औषधपाण्याची हमी दिली. आत्या पदर सावरत पायरीपर्यंत गेली आणि घरात हाक मारावी तशा आवाजात म्हणाली, "अण्णा, तुझी पुस्तकं मी रद्दीत घालू देत न्हाई कुणाला. ये बघू आता." कावळा आला नाही. भटजींनी पिशवीतून दर्भ काढून मांडीवर ठेवले. आणखी थोडा वेळ पाहायचे, नाहीतर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायचा, हे न बोलताच सगळ्यांना समजले.

तेवढ्यात माझा भाचा माझ्या कानाशी आला. तो सातवीत आहे आणि आजोबांचा शेवटचा विद्यार्थी आहे. "मामा, उरलेल्या भाताचा तेवढाच दुसरा गोळा करून तेवढ्याच अंतरावर ठेवू का? मंत्र न म्हणता," त्याने विचारले. "नाहीतर कावळा आजोबांसाठी आला की भातासाठी आला, हे कळणार कसं?" काकांनी डोळे वटारले. बहीण त्याचा दंड धरून त्याला मागे ओढू लागली. पण भटजींनीच हात वर केला आणि म्हणाले, "ठेवू दे त्याला. अन्नच आहे." पोराने पत्रावळीवर गोळा ठेवला, आमच्या पायांपासून पिंडापर्यंतचे अंतर पावलांनी मोजले, तेवढेच अंतर दुसऱ्या बाजूला मोजून पत्रावळ तिथे ठेवली आणि हाताची घडी घालून उभा राहिला. दोन-तीन मिनिटे गेली असतील. एक कावळा उतरला, दोन्ही पत्रावळींच्या मधल्या पायरीवर बसला, मान तिरकी करून त्याने इकडे पाहिले, तिकडे पाहिले आणि चोच मारली ती पोराच्या गोळ्यात.

भाचा ओठातल्या ओठात आकडे मोजत होता. नऊ म्हटल्यावर कावळा दोन उड्या मारून पिंडापाशी आला आणि पिंडाला शिवला.

भटजी म्हणाले, "शिवला. चला." आत्याने डोळे पुसले आणि म्हणाली, "त्याला लहानपणापासून दुसऱ्याच्या पानातलंच गोड लागायचं." आई कितीतरी दिवसांनी हसली. भाच्याने मात्र ओळखीच्या गंभीर चेहऱ्याने सांगितले, की एका निरीक्षणावरून काहीच सिद्ध होत नाही, शिवाय आपण सगळे पिंडाच्या बाजूला घोळका करून उभे होतो आणि त्याच्या पत्रावळीजवळ कुणीच नव्हते, म्हणजे दोन्हीकडची परिस्थिती सारखी नव्हतीच. त्याचे बरोबर होते. कावळा माणसांना बुजतो आणि माणसांचे चेहरेही लक्षात ठेवतो. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात जॉन मार्झलफ यांनी मुखवटे घालून कावळे पकडले, तेव्हा तिथले कावळे त्या मुखवट्याच्या चेहऱ्यावर पुढे वर्षानुवर्षे ओरडत राहिले. घाटावरच्या कावळ्याला तर रोज ओळींनी पिंड मिळतात. त्याने गर्दी टाळून मोकळ्या बाजूचा घास आधी घेतला, यात नवल ते कसले? हे सगळे मला ठाऊक आहे. तरीही त्या नऊ सेकंदांत माझ्या पोटात खड्डा पडला होता. आपल्या बापाने आपल्याकडे पाठ फिरवली असे मला अगदी खरोखर वाटले, आणि दहाव्या सेकंदाला जी सुटका वाटली तीही तितकीच खरी होती. ज्या गोष्टीवर माझा विश्वास नाही, तिने मला दहा सेकंदांत दोनदा हलवले, हे मला अजून नीट उलगडलेले नाही.

मृत्यूनंतरच्या गोष्टी आमच्या घरात कधीच हळू आवाजात बोलल्या गेल्या नाहीत. अण्णांनी ३१ वर्षे पदार्थविज्ञान शिकवले. त्यांचे वडील, म्हणजे आमचे आबा, शाहूपुरीत एका गूळ-अडत दुकानात तोलाईदार होते. एकाने आयुष्यभर मापनातल्या चुका शिकवल्या आणि दुसऱ्याने आयुष्यभर त्या हाताने धरल्या. रात्रीच्या जेवणानंतर दोघे मिळून स्वर्ग, नरक आणि आत्मा यांना काट्यावर चढवीत, आणि ते थट्टेने नव्हे. दोघांनाही उत्तर हवे असे.

मी पाचवीत असताना अण्णांनी आबांना डंकन मॅकडूगल या डॉक्टरची हकीकत सांगितली. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हेव्हरिल गावच्या या माणसाने मरणासन्न रुग्ण खाटेसकट काट्यावर ठेवले होते. असे एकूण सहा रुग्ण, बहुतेक क्षयाचे, कारण क्षयाचा माणूस शेवटी हालचाल करीत नाही आणि काटा स्थिर राहतो. पहिल्या रुग्णाचे वजन प्राण जाताच पाऊण औंस, म्हणजे सुमारे २१ ग्रॅम उतरले, आणि १९०७ मध्ये हा निष्कर्ष छापून आल्यावर आत्म्याचे वजन म्हणून तोच आकडा जगभर झाला. आबा तंबाखू मळत ऐकत होते. त्यांनी आत्म्याबद्दल काहीच विचारले नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "काटा किती बारीक दाखवत होता?" अण्णांनी सांगितले, औंसाच्या दोन दशांशापर्यंत, म्हणजे साडेपाच-पावणेसहा ग्रॅम. "आणि बाकीच्या पाच जणांचं?" त्यातले दोन मॅकडूगलने स्वतःच बाद केले होते आणि उरलेल्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. आबांनी तंबाखू दाढेखाली धरली. "गुळाच्या सहा रव्यातला एक रवा बघून गाडीचं वजन लिवलं तर शेतकरी मला उभा चिरंल," ते म्हणाले. मग थोडे थांबून, "घाम आला आसंल त्यास्नी. गूळ बी तसाच. उन्हाळ्यात ३० किलोचा रवा आज तोल, उद्या तोल, हलका लागतोय. चोरी कुठं झालेली नसती. पाणी गेलेलं असतंय."

अण्णा खुर्चीतून उठले ते मला अजून दिसते. कारण मॅकडूगलचा निष्कर्ष छापला गेला त्याच वर्षी ऑगस्टस क्लार्क नावाच्या दुसऱ्या डॉक्टरने हाच आक्षेप घेतला होता. श्वास थांबला की फुप्फुसांतून रक्त थंड होणे थांबते, शरीराचे तापमान किंचित वाढते आणि घामावाटे पाणी निघून जाते. मॅकडूगलने पुढे १५ कुत्र्यांवर हाच प्रयोग केला आणि त्यांच्या वजनात काही फरक पडला नाही, म्हणून कुत्र्याला आत्मा नसतो असे ठरवले. क्लार्कचे त्यावरही उत्तर तयार होते: कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, ते जिभेने धापा टाकते. शाहूपुरीच्या गुळाने आबांना जे शिकवले ते क्लार्कला शरीरशास्त्राने शिकवले होते. आत बसलेल्या आजीला मात्र कुत्र्यांचा निकाल मुळीच मान्य झाला नाही. "धर्मराजाबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत कोण गेलं होतं?" तिने विचारले. "भीम गेला? अर्जुन गेला?" अण्णांनी या प्रश्नाला उत्तर दिल्याचे मला आठवत नाही.

आबा १९८६च्या मार्चमध्ये गेले. हॅलेचा धूमकेतू पाहायला लोक पहाटे गच्चीवर चढत होते ते दिवस. आजीच्या इच्छेने घरात गरुडपुराण लावले होते. संध्याकाळी भटजी येत, समईच्या उजेडात पोथी उघडत, आणि आम्ही मुले भिंतीला टेकून नरकांची वर्णने भीत भीत ऐकत असू. दहा दिवसांच्या दहा पिंडांनी प्रेताचे नवे शरीर कसे तयार होते ते त्यांनी एका संध्याकाळी सांगितले: पहिल्या दिवशी डोके, दुसऱ्या दिवशी मान आणि खांदे, तिसऱ्या दिवशी हृदय, असे करत नवव्या दिवशी पाय आणि दहाव्या दिवशी भूक-तहान. हे शरीर हातभर लांबीचे. अण्णा सुतकात होते, डोके केलेले, घोंगडीवर बसून ऐकत होते. गर्भाची वाढही डोक्याकडून पायांकडेच होते, ज्याने हा क्रम लावला त्याने काहीतरी पाहिलेले असणार, असे ते मला हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक होते.

दुसऱ्या दिवशी वाटेचा अध्याय आला. वैतरणी नदी सोडून यममार्ग ८६,००० योजने लांब, वाटेत सोळा नगरे, आणि प्रेत रात्रंदिवस चालून रोज २४७ योजने जाते. २४७ हा आकडा ऐकताच अण्णांची मान वर झाली. शंभर नाही, अडीचशे नाही, २४७. वाण्याच्या बिलाची पाठकोरी बाजू घेऊन त्यांनी तिथेच भागाकार केला. योजनाचे माप सगळीकडे सारखे नाही. त्यांनी ते १३ किलोमीटर धरले. म्हणजे रोज ३,२०० किलोमीटर, तासाला १३३. एवढ्या वेगाने अपोलो ११ गेले असते तर त्याला चंद्रापर्यंत चार महिने लागले असते. ते तीन दिवसांत चंद्राजवळ पोहोचले होते. आणि सगळी वाट म्हणजे चंद्राच्या अंतराच्या जवळजवळ तिप्पट, तीही हातभर देहाने, अनवाणी. मग त्यांनी खरा भागाकार केला. ८६,००० भागिले २४७, उत्तर ३४८ आणि बाकी ४४. कागद त्यांनी भटजींपुढे धरला आणि विचारले, "३४८ दिवसच का?"

भटजी रागावतील असे सगळ्यांना वाटले होते. त्यांनी चष्मा लावला, बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजले आणि म्हणाले, "तेराव्या दिवशी तो निघतो. बारा दिवस घरी, ३४८ दिवस वाटेत. किती झाले?"

३६०. जुन्या सावन वर्षाचे, म्हणजे तीस-तीस दिवसांच्या बारा महिन्यांच्या वर्षाचे, दिवस बरोबर तेवढेच असतात.

त्या रात्री अण्णा बराच वेळ ओसरीवर बसून होते. पुढे हा हिशेब त्यांनी मला अनेकदा समजावून सांगितला आणि दर वेळी त्यांना तोच आनंद होत असे. त्यांचे म्हणणे असे की ही वाट कुणी मोजलेली नाही. वर्ष आधी ठरले, वाट मागाहून. कुणालातरी अनुभवाने ठाऊक होते की घरातले माणूस गेले की सगळे ऋतू, सगळे सण एकदा त्याच्याविना काढावे लागतात, दिवाळी एकदा तशी जावी लागते, आंब्याचे दिवस एकदा तसे जावे लागतात, आणि त्याआधी मन ठिकाणावर येत नाही. म्हणून त्याने गेलेल्याला वर्षभर चालत ठेवले आणि मग वेगाला बसेल एवढा रस्ता आखला. मला हे पटते. पोथीत असे लिहिलेले नाही हेही मला माहीत आहे, पण १२ आणि ३४८ यांची बेरीज योगायोगाने ३६० यावी असे मला वाटत नाही. अण्णांना छळत राहिली ती ४४ योजनांची बाकी. एवढ्या काळजीने गणित मांडणाऱ्याने बाकी का ठेवली? २४७ऐवजी दुसरा आकडा घेऊन किंवा वाट थोडी आखूड करून ती सहज टाळता आली असती. भटजींकडे उत्तर नव्हते. अण्णांनाही शेवटपर्यंत ते मिळाले नाही.

मेल्यावर माणूस कुठे जातो याबद्दल त्यांचे स्वतःचे मत अगदी वेगळे होते आणि ते त्यांनी मरणाच्या वर्षभर आधी माझ्या भाच्याला सांगितले. मी तिथेच होतो. स्वयंपाकघरात आई चहासाठी गूळ फोडत होती. "आजोबा, तुम्ही गेल्यावर कुठे जाल?" असे पोराने सरळ विचारले, आणि अण्णांनी सरळ पोळपाटावरचा गुळाचा खडा उचलून त्याच्या तळहातावर ठेवला. साठ किलोच्या माणसात अकरा किलोच्या आसपास कार्बन असतो. चितेवर तो जवळजवळ सगळा कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो आणि वर्ष-दोन वर्षांत पृथ्वीभरच्या हवेत मिसळतो. शेणींचा आणि लाकडाचा कार्बनही बरोबर असतो, पण आपण आपला मोजू. उसाचे पान हवेतला तोच कार्बन घेते आणि त्याची साखर करते. एक ग्रॅम गुळात कार्बनचे अणू इतके असतात की समुद्राने आणि जंगलांनी घेतलेला वाटा सोडला तरी त्यांत माझे काही कोटी निघतील. आबा असेच आले आहेत, ते म्हणाले, आबा तर आयुष्यभर गुळातच होते. भाच्याने खडा जिभेवर ठेवला, बराच वेळ विरघळू दिला आणि विचारले, "म्हणजे सगळ्यांचेच आजोबा यात आहेत?" "सगळ्यांचेच," अण्णा म्हणाले.

हे उत्तर मला त्या वेळी पुरेसे वाटले होते. विज्ञान म्हणून ते आजही पुरेसे आहे. त्यात एकही आकडा विश्वासावर घ्यावा लागत नाही. पण रक्षाविसर्जनाच्या दिवशी स्मशानभूमीत कोमट राखेतून हाताला अस्थी लागल्या तेव्हा त्या काही कोटी अणूंनी मला कसलाही आधार दिला नाही. सगळीकडे असलेला माणूस मला नको होता. मला तो एका ठिकाणी हवा होता, कुठे आहे ते सांगता येईल असा. आणि तेराव्याला जेवणावळ उठल्यावर, उष्टी पाने काढून झाल्यावर, मी कॅलेंडरवर त्या तारखेच्या कोपऱ्यात पेन्सिलीने २४७ लिहिले. दुसऱ्या दिवशी ४९४. मी हे कुणाला सांगितले नव्हते. बहिणीकडे गेलो असताना भाच्याच्या वहीच्या मागच्या पानावर तीच बेरीज पाहिली तेव्हा समजले, की तोही रोज करत होता. तेव्हापासून आम्ही रात्री फोनवर आकडे जुळवतो. त्याचा एकदा एक दिवस चुकला होता, त्याने तो दुरुस्त केला.

परवा आत्या घरी आली होती. अण्णांना जाऊन ११० दिवस झाले, म्हणजे वाटेचे ९८. भाचा सुट्टीला आला होता, तो वहीत पाहून म्हणाला, "२४,२०६ झाली. ६१,७९४ राहिली." आत्याने विचारले, हे काय मोजताय? मग तिला सगळे सांगावे लागले, वाण्याच्या बिलापासून, आणि ३४८व्या दिवसानंतर उरणाऱ्या ४४ योजनांपर्यंत. १९८६मध्ये ती त्याच घरात होती, आतल्या खोलीत आजीपाशी बसलेली, आणि अण्णांना छळणाऱ्या त्या बाकीविषयी तिला कुणी कधी सांगितलेच नव्हते. ती शेवग्याच्या शेंगा सोलत होती. हातातली शेंग खाली न ठेवता ती म्हणाली, "तेवढं कशाला चालंल तो? वेशीवर न्यायला कोण येत न्हाई व्हय? मी सांगतो तुला, आबा येतील की त्याला घ्यायला."

भाच्याने पेन्सिल घेतली. ४४ योजने त्याच वेगाने म्हणजे चार तास सोळा मिनिटे. "आणि पणजोबा समोरून तेवढ्याच वेगाने निघाले," तो म्हणाला, "तर दोन तास आठ मिनिटांत भेटतील." आत्याने त्याला विचारले, किती वाजता निघायला पाहिजे त्यांनी, आणि तो पुन्हा गणिताला लागला.